ताडपत्रीखालचा बिबट्या

बिबट्याची ऑर्डर आली त्या दिवशी मी एका फार्महाऊसच्या फाटकासाठी केलेल्या बैलांना रंग देत होते. आळे गावाच्या पुढे, रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि घरामागे पत्र्याचं शेड. मी मातीत मूर्ती घडवते, नवरा साचा काढतो आणि साच्यात फायबर भरतो. गणपती, पुढाऱ्यांचे अर्धपुतळे, हॉटेलांपुढचे हात जोडून उभे असलेले मावळे, हे आमचं रोजचं काम. जनावरं म्हणाल तर बैल आणि घोडे, फार तर एखाद्या बंगल्याच्या जिन्यावरचे सिंह.

जुन्नरात शिरताना लागणारा एक चौक सुशोभित करायचं तिथल्या मंडळींनी ठरवलं होतं. त्यांची समिती आमच्याकडे आली. अध्यक्ष खुर्चीवर न बसता शेडभर फिरत बोलत होते. "ताई, जुन्नर म्हटलं की लोक आधी किल्ला म्हणतात, मग बिबट्या. किल्ला तर हाय आपल्याकडं. बिबट्या आपुन चौकात उभा करू. पार लांबून दिसला पायजे."

"कसा करायचा? बसलेला, चालणारा?"

"डरकाळी फोडणारा. जबडा असा फाडलेला. गाडीवाल्यानं थांबून फोटोच काढला पायजे राव."

त्यांनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं, तेव्हा सगळे हसले. मीही हसले. खरं सांगते, मला फार आनंद झाला होता. माझ्या हातचं काहीतरी असं उभं राहणार होतं, ज्याच्यापुढे कुणी नारळ फोडणार नाही आणि ज्याला जयंतीपुरता हार पडणार नाही. नुसतं एक जनावर, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी.

माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, घाटाच्या तोंडाशी. खाली भातखाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरई. गावाच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. वाघबारशीला त्याला नैवेद्य जायचा. दिवस मावळला की वडील वाघाचं नाव घ्यायचे नाहीत, 'जनावर' म्हणायचे. लहानपणी एकदा आईबरोबर खाचरावर भाकरी घेऊन जाताना मी बिबट्या पाहिला. बांधावर पडला होता. तोंड मिटलेलं. आमच्याकडे पाहिलं, कंटाळा आल्यासारखा उठला आणि करवंदीच्या जाळीत शिरला. आई म्हणाली, "त्याच्या वाटंनं गेला त्यो. चल." एवढंच. आम्ही पुढे गेलो, भाकरी दिली, परत आलो.

माती लावताना मला सारखा तोच बिबट्या आठवत होता आणि हात मात्र जबडा फाडत होते. सळईच्या सांगाड्यावर मातीचे थर चढत गेले. पुढचे पाय ताणलेले, पाठ वर चढलेली, मान पुढे. शेडचा मागचा पत्रा काढल्याशिवाय बाहेर निघणार नाही एवढा मोठा झाला. समितीचे लोक मधेच येऊन बघून गेले, खूश झाले. साचा निघाला, फायबरचे तुकडे जोडून झाले, घासकाम झालं. रंग तेवढा राहिला होता. पांढुरका, ठिपक्यांशिवायचा, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी असलेला बिबट्या शेडच्या मधोमध उभा होता, तेव्हा दुपारी निरगुडसरहून फोन आला.

माझी थोरली नणंद निरगुडसरला दिलेली. सासूबाई लवकर गेल्यामुळे माझ्या नवऱ्याला तिनंच वाढवलेलं. त्यांची वस्ती गावापासून लांब, तीन बाजूंनी ऊस. तो ऊस पारगावच्या कारखान्याला जातो. माझ्या माहेरचा बिबट्या आणि तिकडचा बिबट्या यांत फरक आहे. तिकडचा उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. तोड सुरू झाली की त्याचं घर जातं, मग तो एका फडातून दुसऱ्या फडात, वस्त्यांच्या कडेकडेनं फिरत राहतो. सगळ्यांना हे ठाऊक असतं. ठाऊक असूनही गाईला हिरवा घास कापायला जावंच लागतं.

वन्सं घास कापायला वाकल्या होत्या. उन्हं अजून चांगली होती. पाठीमागच्या उसातून तो आला आणि थेट मानेवर. शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालू होता म्हणून वाचल्या. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि ट्रॅक्टर तसाच बांधावरून त्याच्या अंगावर घातला. बिबट्यानं सोडलं. वन्सं उठून स्वतः चालत वस्तीपर्यंत आल्या आणि दारात कोसळल्या.

आम्ही मंचरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा टाके घालून झाले होते. मान आणि खांदा पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. त्यांचे मालक, ज्यांना आम्ही दाजी म्हणतो, बाकावर नुसते बसले होते; हातात वन्संची एक चप्पल. माझा नवरा बहिणीच्या पायाशी बसला आणि रडायला लागला. वन्सं म्हणाल्या, "रडू नगंस. घास तसाच पडलाय, गाईला कुणी टाकला का इचार."

दवाखान्यातून सुटायची वेळ आली तेव्हा त्यांनी वस्तीवर जायला साफ नकार दिला. "त्यो पिंजऱ्यात सापडंस्तवर म्या तिथं पाय ठेवनार न्हाई." वन खात्यानं पिंजरा लावला होता, आत शेळी बांधली होती. दाजींना गुरं सोडून येता येईना. मग आमचंच घर राहिलं.

 गाडीत बसायच्या आधीच नवऱ्यानं शेजाऱ्याला फोन करून शेडातल्या बिबट्यावर ताडपत्री टाकायला सांगितलं होतं. घरी पोचलो तर निळ्या ताडपत्रीखाली तो आणखीनच मोठा दिसत होता. काथ्यानं चारी पाय आवळलेले, मधून मान पुढे आलेली. आम्ही वन्संना पुढच्या खोलीत झोपवलं आणि मागचं दार लावून घेतलं. मी चहा घेऊन गेले तर त्या म्हणाल्या, "दार कशापायी लावलं? मागं काय हाय ते मला ठावं हाय. गाडीत बसायच्या आदीच ठावं व्हतं."

मी म्हटलं, "वन्सं, आठवड्यात घेऊन जातील तो."

"जाऊ दे की. मी काय त्याच्यासाठी आल्ये?"

आठवड्यात कुणी आलं नाही. अध्यक्षांचा फोन आला. त्याच सुमारास आसपासच्या गावांत आणखी हल्ले झाले होते, लोक रस्त्यावर उतरले होते, हायवे अडवला होता. माझा नवराही एक दिवस रास्ता रोकोला जाऊन बसला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, वातावरण लई तापलंय. आता जर आपुन चौकात बिबट्या उभा केला ना, तर लोक आमालाच उभं करतील. जरा शांत होऊ द्या." चौथरा बांधून तयार होता, त्याला काळ्या फरशाही बसल्या होत्या. तो रिकामाच राहिला.

म्हणजे बिबट्या शेडातून हलेना आणि वन्सं घरातून हलेनात. मधे एक दार.

ते दिवस आठवले की अजूनही मला घरात इकडून तिकडे चालावंसं वाटतं. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की वन्सं उठून बसायच्या. मी म्हणायचे, "ताडपत्री आहे." त्या म्हणायच्या, "मला म्हाईत हाय." आणि तरी उठून बसायच्या. कुठेही बसताना पाठ भिंतीला टेकलेली. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकत नसत, मला हाक मारत. जेवायलाही पाटावर बसायचं सोडून उभ्यानंच भाकरी खायच्या. मी ताडपत्रीचा काथ्या आणखी आवळला, वर विटा ठेवल्या. मग ती एका जागी फडफडायची थांबून दुसऱ्या जागी फडफडू लागली. कधी नुसती फुगायची आणि खाली बसायची, आत कुणीतरी श्वास घेतल्यासारखी. शेजारची कुत्री तिच्यापुढे उभी राहून भुंकायची.

मला काम सुचत नव्हतं. एका शाळेसाठी सरस्वतीची मूर्ती घडवायची होती, तिचा चेहरा तीनदा मोडला. प्रत्येक वेळी मान अवघडल्यासारखी होत होती. नवरा म्हणाला, "तो तोडून टाकू का? दोन-चार तुकडे केले की भंगारात जाईल."  तो तोडायचा ही कल्पना मला सहन होत नव्हती आणि ठेवायचा हीसुद्धा होत नव्हती. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम होतं. पुढच्या खोलीत नणंदेच्या मानेवरचे टाके होते. दोन्हींकडे एकाच वेळी बघता येत नव्हतं.

एक दिवस दाजींचा फोन आला. मोठ्यानं ओरडत होते, "सापडला! पिंजऱ्यात सापडला! नर हाय, मोठा हाय. सगळं गाव जमलंय." नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकला. मागे फटाक्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, सुटलो. वन्सं भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"त्योच कशावरनं?" त्यांनी विचारलं.

दाजी म्हणाले, "अगं, आपल्याच बांधाला तर पिंजरा व्हता."

"तिथनं धा बिबटे जात्यात. त्योच कशावरनं?"

नवरा म्हणाला, "अक्का, वन खात्याची माणसं सांगत असतील ना काहीतरी."

"त्यांनी बघितला व्हता का मला धरताना?"

 दाजींनी पुन्हा फोन करतो म्हणून ठेवला. वन्सं वस्तीवर गेल्या नाहीत. उलट त्या दिवसापासून त्या घरात येरझाऱ्या घालू लागल्या. आधी निदान एक गोष्ट ठरलेली होती, की तो सापडेल आणि मग त्या जातील. आता तो सापडला होता आणि काहीच बदललं नव्हतं.

पुढे चार-पाच दिवसांनी, दुपारी, नवरा रेझिन आणायला गेला होता. मी स्वयंपाकघरात डाळ फोडणीला टाकत होते. शेडातून आवाज आला. रिकाम्या पिंपावर घाव घालावा तसा. मग पुन्हा. मी गॅस तसाच ठेवून धावले.

वन्संनी ताडपत्री अर्धी ओढून खाली पाडली होती. साचे फोडायचा हातोडा त्यांच्या हातात. दुखऱ्या खांद्याचा हात त्यांनी पोटाशी धरला होता आणि दुसऱ्या हातानं घाव घालत होत्या. एक कान तुटून पडला होता. मी बघत असतानाच खालच्या जबड्यावर घाव बसला, फायबर तडकलं आणि दातांसकट जबडा खाली लोंबू लागला. पुढचा घाव नाकाडावर. आतून पोकळ आवाज येत राहिला.

"वन्सं, टाके तुटतील!" मी ओरडले आणि मागून त्यांना धरायला गेले.

त्या किंचाळल्या. तसली किंचाळी मी पूर्वी ऐकली नव्हती, पुढेही ऐकली नाही. मी मागून हात लावला होता. मी चटकन दूर झाले, पुढे येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी आहे. वन्सं, मी आहे." त्यांनी हातोडा टाकला. रंगाच्या डब्यावर बसल्या. पट्टीतून थोडं रक्त आलं होतं.

"पोकळ हाय गं ह्यो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मला वाटलं, आतनं भरीव असंल."

मी स्वयंपाकघरातून पाणी आणलं. डाळीचा करपल्याचा वास शेडापर्यंत आला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी त्या लोंबत्या जबड्याकडे पाहिलं आणि बोलायला लागल्या. दवाखान्यात लोकांनी विचारलं, पेपरवाल्यांनी विचारलं, त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"मी त्याचं त्वांड बघितलंच न्हाई. येक डाव पन न्हाई. त्यो पाठीवर व्हता. निस्तं वझं. पोत्यावानी वझं, आन ऊन ऊन. माझं त्वांड घासात दाबल्यालं, मला घासाचाच वास येत व्हता. मग त्यो गेला. मी मागं बघायच्या आत गेला. समदी इचारत्यात, कसा व्हता, केवढा व्हता. मला काय ठावं? आन तू आन ही समदी मानसं मला ह्ये असलं त्वांड दाखवताय. टीव्हीवर बी हेच, जबडा फाडल्यालं. आता डोळं मिटलं की मला हेच दिसतं. मी न बघितल्यालं."

मला वाटलं होतं, आपण ताडपत्री टाकून त्यांच्यापासून काहीतरी लपवतोय. ते तोंड तर आम्हीच त्यांना दिलं होतं.

"नीट कर न्हाईतर जाळ," त्या उठत म्हणाल्या. "मला त्याचं काय करायचंय? पट्टी बदलून दे तेवढी."

संध्याकाळी नवरा आला, त्यानं फुटलेलं तोंड पाहिलं. बराच वेळ हातात तो कान घेऊन उभा राहिला. मग बहिणीजवळ जाऊन एवढंच विचारलं, "खांदा दुखतोय का?" दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेला.

मी शेडात गेले आणि ग्राइंडरनं तो जबडा मुळापासून कापून काढला. दात झाडून केरात टाकले. त्या जागी माती लावली आणि तोंड मिटून घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते खूप अवघड निघालं. उघडा जबडा करणं सोपं असतं, चार दात दाखवले की काम झालं. मिटलेल्या तोंडाला काय म्हणायचं आहे ते ओठांच्या एका रेघेत आणावं लागतं. ती रेघ जरा वर गेली की जनावर हसतंय असं वाटे, खाली गेली की रुसलंय असं. कितीतरी दिवस मी ती रेघ पुसत आणि काढत राहिले. वन्सं कधी दारापर्यंत येत, उंबऱ्याबाहेरूनच बघत आणि परत जात. त्यांनी काही सांगावं अशी माझी अपेक्षा नव्हती आणि त्यांनी सांगितलंही नाही.

मातीवरून साचा काढून नवऱ्यानं नवं तोंड फायबरमध्ये बसवलं, तुटलेला कान जोडला. रंग देऊन झाला तोवर रिकाम्या चौथऱ्यावरून चौकातली माणसं समितीची टिंगल करू लागली होती. त्यावर कुणी भाजीच्या पाट्या ठेवी, कुणी वाढदिवसाचा फ्लेक्स टेकवी. अध्यक्ष घाईघाईनं आले. बिबट्या बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, ह्यो तर गप झालाय! आपलं काय ठरलं व्हतं?"

"ठरलं होतं ते मोडलं," मी म्हटलं. "आता असाच आहे."

"अवो, पन ह्याला बघून थांबणार कोण? ह्यो कुणाला भेडसावतच न्हाई."

मी काही बोलायच्या आत माझा नवरा शेडाच्या दारातून म्हणाला, "साहेब, भ्यायला लोकांकडं खरा हाय. चौकात अजून कशाला पायजे?" तो कधी गिऱ्हाइकापुढे बोलत नाही. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं, आत उंबऱ्याशी मानेला पट्टी बांधून उभ्या असलेल्या वन्संकडे पाहिलं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाले, "उद्या क्रेन पाठवतो."

उद्घाटन झालं नाही. फीत नाही, भाषण नाही. सकाळी लवकर क्रेननं तो चौथऱ्यावर ठेवला, नवऱ्यानं बोल्ट आवळले, मी पायांजवळचे रंगाचे ओरखडे बुजवले. तोवर गर्दी जमली होती. एका पोरीनं आईला विचारलं, "हा झोपनार हाय का?" डोंगराकडच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले आणि एसटी पकडायला गेला. उसाच्या पट्ट्यातला एक जण पिकअपमधून डोकं बाहेर काढून ओरडला, "याला पन पिंजऱ्यात टाका राव!" लोक हसले. तो हसत नव्हता. मी खाली वाकून ब्रश धूत राहिले. 

शेड रिकामं झालं तरी वन्सं आणखी काही दिवस राहिल्या. मग गाय व्यायला आल्याचं दाजींनी कळवलं. "त्यांना न्हाई जमायचं," असं म्हणत वन्संनी पिशवी भरली. लोक म्हणतात, त्या बऱ्या झाल्या म्हणून गेल्या. गाईसाठी गेल्या. चौकातला बिबट्या त्यांनी अजून पाहिलेला नाही आणि मीही कधी चला म्हटलं नाही.

गेल्या महिन्यात मी निरगुडसरला गेले होते. चार वाजता वन्संनी विळा घेतला. बिबट्यानं मान धरू नये म्हणून गळ्यात खिळे लावलेला पट्टा बांधला, तसले पट्टे आता तिकडे पुष्कळ बायका घालतात. एक मलाही दिला. मोबाइलवर मोठ्यानं भजनं लावली आणि मोबाइल कमरेला खोचला. पट्टा गळ्याला काचत होता. दोन्ही बाजूंना ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाचट वाळून करकरत होतं.

घासाच्या वाफ्यात पोचल्यावर वन्सं वाकल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू काप. मी बघती." मी कापत होते आणि त्या माझ्या पाठीशी पाठ लावून उसाकडे तोंड करून उभ्या होत्या. मधेच उसात काहीतरी हललं. त्यांची पाठ माझ्या पाठीला घट्ट झाली. मी विळा थांबवला. भजन चालूच होतं. आम्ही दोघी तशाच थांबलो.

"काय आहे?" मी विचारलं.

"काय की. काप लवकर."

मी हाताला येईल तेवढा घास कापला, भारा बांधला, त्यांच्या डोक्यावर दिला. परत येताना त्या पुढे होत्या. मी मागे राहिले होते, आणि वस्तीचा पत्रा दिसेपर्यंत माझी मान ताठ होती.